मिनिटांची वही: देशांतर्गत लीगमध्ये व्यावसायिक फुटबॉल बचावपटू म्हणून कारकीर्द कशी उभी करावी

गोल हवा असला की प्रशिक्षक शेवटच्या दहा मिनिटांसाठी एखाद्या नवख्या आघाडीवीराला मैदानात सोडतो. त्याने एक संधी साधली की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. बचावपटूच्या नशिबी ही दहा मिनिटं नसतात. एका गोलची आघाडी टिकवायची असताना नवा सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) आजमावून पाहायला सहसा कोणी धजत नाही. संघ पिछाडीवर असेल तर उलट बचावपटूलाच बाहेर बोलावून आघाडीवीर आत येतो. २०२२ पासून पाच बदली खेळाडूंची मुभा नियमांत कायम झाली, पण त्यातल्या बहुतेक जागा पुढच्या आणि मधल्या फळीलाच जातात. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा सेंटर बॅक अख्खा हंगाम बाकावर काढू शकतो.

म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर मी एकच माप लावणार आहे: या निर्णयामुळे तुम्हाला प्रौढांच्या स्पर्धात्मक सामन्यांत किती मिनिटं खेळायला मिळतील? ३८ सामन्यांच्या लीगमध्ये जादा वेळ सोडून एका खेळाडूच्या वाट्याला जास्तीत जास्त ३,४२० मिनिटं येतात. त्यातली तुमची किती, यावर तुमचा पुढचा करार ठरतो. क्लबचं नाव, जर्सीचा रंग, पगाराचा आकडा हे सगळं त्यानंतर.

आजच एक वही करा. रकाने सहा: तारीख, प्रतिस्पर्धी, कोणत्या जागी खेळलात, किती मिनिटं, कार्ड मिळालं का, आणि संघावर गोल झाला असेल तर त्या क्षणी तुम्ही कुठे उभे होतात. सहावा रकाना भरायला सगळ्यात जड जातो. तरी तो रिकामा सोडू नका.

पायरी १: आपली जागा ओळखा

सेंटर बॅक, फुल बॅक आणि तीनच्या बचावफळीतला विंग बॅक ही तीन वेगवेगळी कामं आहेत. सेंटर बॅकला हवेतला चेंडू, अंगावर येणारा आघाडीवीर आणि पाठीमागची मोकळी जागा सांभाळायची असते. फुल बॅकला बाजूची रेषा धरून नव्वद मिनिटं वर-खाली धावायचं असतं आणि एकट्याने विंगरला (बाजूने हल्ला करणाऱ्या खेळाडूला) तोंड द्यायचं असतं. विंग बॅक तर अर्धा विंगरच.

उंचीचा बाऊ करू नका. फाबियो कानावारोची उंची १.७६ मीटर, आणि २००६ चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) त्याने सेंटर बॅक म्हणून जिंकला. फिलिप लाम जेमतेम १.७० मीटरचा. पण उंची कमी असेल तर उडीची वेळ, सुरुवातीची जागा आणि पहिल्या पाच मीटरचा वेग या तीन गोष्टींत तुम्ही इतरांहून सरस असायलाच हवं, त्यात सवलत नाही.

डावखुरा बचावपटू सगळीकडेच कमी सापडतो. डावा पाय चांगला असेल तर ते स्पष्ट सांगा, व्हिडिओत दाखवा. उजव्या पायाने खेळत असाल तर डावा पाय निदान वीस मीटरचा बिनचूक पास देण्याइतका तयार करा. पाओलो माल्दिनी मुळात उजव्या पायाचा होता, तरी तो लेफ्ट बॅक म्हणून जगभर गाजला आणि पुढे सेंटर बॅक झाला. एक मुख्य जागा आणि एक जोडीची जागा, एवढं पुरे. 'मी कुठेही खेळतो' असं सांगणारा खेळाडू बहुतेक वेळा बाकावरचा कायमचा पाहुणा होतो.

पंधरा-सोळाच्या आतल्यांसाठी इथेच एक गोष्ट. या वयात जी मुलं लवकर वाढतात ती ताकदीच्या जोरावर बचावात उठून दिसतात, आणि निवड करणाऱ्यांचे डोळे तिकडेच जातात. तुमची वाढ उशिरा होत असेल तर निराश होऊ नका. तोवर खेळ वाचायला शिका. तुम्ही आताच दांडगे असाल तर मात्र सावध राहा. अठराव्या वर्षी बाकीचे उंचीला आणि ताकदीला तुमच्या बरोबरीला येतात, आणि धक्काबुक्कीवर उभा राहिलेला खेळ तिथे उघडा पडतो.

पायरी २: कसब

इथे मी रेंगाळणार आहे, कारण करार आणि एजंटच्या आधी हे येतं.

अंतर. समोरच्याच्या पायात चेंडू असताना त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं हा बचावाचा पहिला प्रश्न. फार जवळ गेलात तर एका स्पर्शात तो पाठीमागे निघून जातो, फार लांब राहिलात तर त्याला मान वर करून पास शोधायला वेळ मिळतो. ढोबळ नियम असा, की चेंडू प्रवासात असताना तुम्ही धावा आणि चेंडू त्याच्या पायाशी पोहोचेपर्यंत वेग कमी करा. भरधाव जाऊन अंगावर आदळणं ही नवख्याची खूण आहे. शेवटची दोन-तीन पावलं छोटी, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर.

अंग कसं वळलेलं आहे. छाती सरळ समोर करून उभे राहिलात तर दोन्ही बाजू त्याला मोकळ्या मिळतात आणि वळायला तुम्हाला एक पाऊल जास्त लागतं. थोडं आडवं उभं राहा, एक पाय पुढे, एक मागे. त्यामुळे तुम्ही त्याला एकच दिशा देता. कोणती दिशा द्यायची, हे तुमच्या मागे मदतीला कोण आहे त्यावर ठरतं. मागे कोणी नसेल तर बाजूच्या रेषेकडे ढकला, ती रेषा तुमचा बारावा सहकारी आहे. आत मिडफिल्डर तयार असेल तर आत वळवा, पण त्याला हाक मारून.

मान फिरवणं. चेंडूकडे टक लावून बघणारा बचावपटू मागून येणाऱ्या आघाडीवीराला हमखास हरवतो. दर काही सेकंदांनी मागे नजर टाकायची, विशेषतः चेंडू कोणाच्या तरी पायात शांत असताना. क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू) येणार असेल तर चेंडू आणि आपला माणूस दोघंही दिसतील असं तिरकं उभं राहायचं. तसं शक्य नसेल तर हात त्याच्या जवळ ठेवून तो कुठे आहे याचा अंदाज घ्या, पण धरू नका. धरण्याची किंमत पुढच्या पायरीत सांगतो.

टॅकल. घसरून केलेली टॅकल प्रेक्षकांना आवडते, पण जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन-तीन सेकंद खेळातून बाद असतो. आधी चेंडू मध्येच तोडा. ते जमलं नाही तर त्याला वळू देऊ नका, तेही नाही तर रोखून धरा आणि मदत यायची वाट पाहा. टॅकल यानंतर. पेनल्टी क्षेत्रात हा क्रम विसरणाऱ्याचं नाव प्रशिक्षकाच्या मनातून उतरतं.

बचावफळी एकत्र हलणं. चेंडू मागे गेला की पूर्ण ओळ चार-पाच मीटर वर सरकते. चेंडूवर दाब नसेल आणि समोरच्याने पाय मागे घेतला असेल, तर ओळ आधीच मागे सरते. एकाने वर यायचं आणि दुसऱ्याने मागे राहायचं, यातून ऑफसाइडचा (पास निघताना आघाडीवीर बचावफळीच्या पलीकडे सापडण्याचा) सापळा उलटतो. हे एकट्याने शिकता येत नाही. म्हणून बोला. 'वर', 'मागे', 'माणूस', 'माझा', 'सोड' हे शब्द तुमच्या संघात ज्या भाषेत चालतात त्या भाषेत पहिल्याच आठवड्यात पाठ करा. हाक छोटी हवी, वेळेआधी हवी, आणि नाव घेऊन हवी. चेंडू सुटल्यावर मारलेली हाक म्हणजे तक्रार.

चेंडू पायात आल्यावर. २०१९ मध्ये नियम बदलला आणि गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट न पाहता आतच खेळता येऊ लागला. तेव्हापासून सेंटर बॅक हा बऱ्याच संघांचा पहिला पास देणारा झाला आहे. पास येण्याआधी अंग मैदानाकडे उघडं ठेवा, लांबच्या पायाने चेंडू घ्या आणि पहिला स्पर्श दाबापासून दूर जाऊ द्या. मात्र एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: लीगच्या खालच्या विभागांत बचावपटूला आजही आधी बचावासाठीच पगार मिळतो. पास सुरेख आणि मार्किंग (समोरच्या खेळाडूला धरून राहणं) ढिलं, अशा खेळाडूला संघात जागा मिळते ती बचावाबाहेरची. हावियेर मास्चेरानोचा प्रवास उलट्या दिशेने झाला. बार्सिलोनात आल्यावर तो मधल्या फळीतून सेंटर बॅकच्या जागी उतरला आणि टिकला, कारण चेंडू हिसकावणं हेच त्याचं मूळ काम होतं.

पायरी ३: नियम पंचांइतके जाणा

आघाडीवीराला नियम अर्धवट ठाऊक असले तरी भागतं. तुमचं भागत नाही.

समोरच्याची गोलची स्पष्ट संधी फाउलने हिरावली तर लाल कार्ड. पण २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात, चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात फाउल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर सहसा पिवळ्यावर भागतं. ओढणं, धरणं, ढकलणं याला ही सवलत नाही, तिथे पेनल्टीही जाते आणि लाल कार्डही येतं. म्हणून क्षेत्रात हात लांब ठेवा.

ऑफसाइडमधला आघाडीवीर तुमच्या पायावर 'जिवंत' होऊ शकतो, हे दुसरं. वेळ आणि ताबा असताना तुम्ही चेंडू जाणीवपूर्वक खेळलात आणि तो चुकला, तर त्याचा ऑफसाइड पुसला जातो. केवळ पाय ताणून किंवा उडी मारून चेंडूला जेमतेम स्पर्श झाला असेल तर पुसला जात नाही. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतोच. आपल्या क्षेत्राजवळचा लांब थ्रो-इन याच कारणाने धोक्याचा.

कार्डांचा हिशेब वहीत ठेवायला का सांगितलं? दहाव्या मिनिटाचं पिवळं कार्ड उरलेली ऐंशी मिनिटं तुम्हाला अर्ध्या मनाने खेळायला लावतं. ठरावीक पिवळी कार्डं साठली की बहुतेक लीगमध्ये सामनाबंदी येते. त्या एका सामन्यात तुमच्या जागी आलेला खेळाडू चांगला खेळला आणि संघ जिंकला, तर पुढच्या शनिवारी तुम्ही बाकावर. वाद घालून, चेंडू भिरकावून किंवा फ्री-किक अडवून मिळालेली कार्डं वर्षाच्या शेवटी मोजा. ती सगळी टाळता आली असती.

पायरी ४: नजरेत कसं यायचं

ट्रायलला (निवड चाचणीला) गेलात की सराव सुरू होण्यापूर्वी गोलरक्षकाचं आणि तुमच्या शेजारी खेळणाऱ्याचं नाव विचारून घ्या. अनोळखी अकरा जणांत नाव घेऊन बोलणारा बचावपटू दहा मिनिटांत उठून दिसतो. पहिला हेडर (डोक्याने मारायचा चेंडू) जिंका, पहिले तीन पास सोपे द्या. तिथे प्रत्येक जण ड्रिबल करून छाप पाडायच्या मागे असतो; तुम्ही तुमची ओळ सरळ ठेवा.

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा पुरे. त्यात घसरत्या टॅकलची माळ लावू नका. चेंडू येण्यापूर्वी तुम्ही कुठे उभे होतात, कसे सरकलात, हे दिसलं पाहिजे; म्हणून प्रत्येक तुकडा पाच-सहा सेकंद आधीपासून सुरू करा आणि स्वतःभोवती वर्तुळ काढा. दोन्ही पाय, हवेतले चेंडू, एकास एक, कव्हर, लांब पास. सोबत दोन पूर्ण सामने जोडा, त्यातला एक हरलेला. बचावपटूला पारखणारा जाणकार माणूस पूर्ण सामनाच मागतो, आणि हरलेला सामना आपणहून पाठवणारा खेळाडू त्याच्या लक्षात राहतो.

मोठ्या ॲकॅडमीतून नाव कमी झालं तर गोष्ट संपत नाही. डॅन बर्नला न्यूकॅसलने अकराव्या वर्षी सोडलं. डार्लिंग्टनपासून सुरुवात करून, विभागामागून विभाग चढत तो २०२२ मध्ये त्याच न्यूकॅसलला परतला. २०२५ च्या लीग कप अंतिम सामन्यात त्याने हेडरने गोल केला आणि त्याच महिन्यात, बत्तिसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. ख्रिस स्मॉलिंग मेडस्टोन युनायटेडसारख्या लीगबाहेरच्या क्लबमधून २००८ मध्ये फुलहॅमला गेला आणि दोन वर्षांत मँचेस्टर युनायटेडला पोहोचला. दोघंही आधी प्रौढांमध्ये खेळले.

पायरी ५: पहिला करार

आनंदात सही करू नका. कागद घरी आणा, दोन दिवस वाचा आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा खेळाडूंच्या संघटनेला दाखवा. जगभरच्या खेळाडू संघटना फिफप्रो या त्यांच्या जागतिक संस्थेशी जोडलेल्या आहेत. तुमच्या देशात असेल तर आधी तिचे सदस्य व्हा.

फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि अठराखालच्या खेळाडूचा तीन वर्षांचा असतो. वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झालात तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. चाचणी सहीच्या आधी व्हायला हवी. करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले की तुम्ही दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकता. करार संपल्यावर खेळाडू मोकळा, हे तत्त्व युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपात पक्कं झालं. देशांतर्गत बदलीचे बारकावे तुमच्या संघटनेच्या नियमावलीत असतात, तेही वाचा.

आता बचावपटूने खास काय मागावं ते. गोलच्या बोनसचा तुम्हाला उपयोग नाही. सामन्यात खेळण्याचा बोनस मागा, आणि गोल न खाल्लेल्या सामन्याचाही. संघ खालच्या विभागात घसरला तर पगार किती कापणार आणि तुम्हाला ठरावीक रकमेत बाहेर पडता येईल का, हे लिहून घ्या. दुखापतीच्या काळात पूर्ण पगार आणि उपचाराचा खर्च कोणाचा, तेही. 'क्लबच्या मर्जीने एक वर्ष वाढवता येईल' हे कलम दिसलं की थांबा. खेळ चांगला झाला तर ते तुम्हाला स्वस्तात बांधून ठेवतं, वाईट झाला तर तुम्हाला सोडून देतं. घ्यायचंच असेल तर ठरावीक सामने खेळल्यावर ते आपोआप आणि वाढीव पगारावर लागू व्हावं.

पगार थकला तर? दोन महिन्यांचे पगार थकले की लेखी नोटीस द्यायची, क्लबला किमान पंधरा दिवस द्यायचे, आणि तरीही पैसे आले नाहीत तर फिफाच्या नियमांप्रमाणे करार मोडायला न्याय्य कारण मिळतं. तोंडी तक्रारीला किंमत नाही. पगाराच्या पावत्या, बँकेच्या नोंदी आणि निरोप जपून ठेवा.

एजंट परवानाधारक आहे का, ते तपासा. त्याच्याशी होणारा करार दोन वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि आपोआप वाढणारा तर नकोच. त्याला पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडच्या बचावपटूंना मागच्या हंगामात किती मिनिटं मिळाली? जो उत्तराऐवजी मोठ्या क्लबांची नावं सांगतो, त्याच्याकडून उठून या.

पायरी ६: लोन आणि खालचा विभाग

एकोणीस ते बावीस या वयात राखीव संघाच्या सामन्यांपेक्षा खालच्या विभागातले खरे सामने जास्त शिकवतात. तिथे समोर पस्तिशीचा आघाडीवीर असतो; तो कोपर कुठे ठेवायचं ते जाणतो, आणि त्याचं घर त्या विजयाच्या बोनसवर चालतं.

लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडे, जाण्याआधी हे विचारा: तिथे सेंटर बॅक किती आहेत, त्यांची वयं काय, बचावफळी चारची की तीनची? चारच्या फळीत सेंटर बॅकच्या जागा दोन, तीनच्या फळीत तीन. चौघं आधीच असतील आणि जागा दोनच, तर जाऊ नका. प्रशिक्षकाने स्वतः तुम्हाला मागितलंय की क्लबच्या व्यवस्थापकांनी, हेही विचारा. मागणारा प्रशिक्षक आणि घेणारा क्लब यांत पुष्कळ फरक आहे. मूळ क्लबला मध्येच परत बोलावता येतं का, पगार कोण देणार? लोन एका वेळी एक वर्षापेक्षा जास्त असू शकत नाही. एका हंगामात नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारण दोनच क्लबांसाठी खेळता येतात, म्हणून जानेवारीची उडी जपून.

बायर्न म्युनिकमध्ये जागा नव्हती तेव्हा फिलिप लाम २००३ मध्ये दोन हंगामांसाठी स्टुटगार्टला गेला आणि तिथे लेफ्ट बॅक म्हणून नियमित खेळला. व्हर्जिल व्हॅन डाइकने ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउदम्प्टन अशा पायऱ्या घेतल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ७.५ कोटी पौंडांना लिव्हरपूल गाठलं. बचावपटूसाठी तेव्हाची ती विक्रमी रक्कम होती. प्रत्येक पायरीवर तो पहिल्या अकरांत होता. अठराव्या वर्षीच मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्याचा मोह होतो तेव्हा हे आठवावं.

पायरी ७: शरीर

जो उपलब्ध असतो तोच खेळतो. बचावपटूचे नाजूक भाग म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, जांघ, घोटा, गुडघा आणि डोकं.

'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून निदान दोनदा करा. तो नीट केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा गुडघ्यावर बसून पुढे झुकण्याचा व्यायाम मांडीमागच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी करतो. पहिल्या आठवड्यात पाय भयंकर दुखतात, म्हणून बरेच जण सोडतात. थोड्याने सुरुवात करा आणि हंगामभर चालू ठेवा. जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम, म्हणजे कुशीवर आडवं होऊन वरच्या पायावर अंग तोलणं.

गुडघ्याचा एसीएल (आतला मुख्य अस्थिबंध) फाटला तर नऊ महिन्यांच्या आत परतण्याची घाई नको. लवकर परतणाऱ्यांत तो पुन्हा दुखावण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते, त्यामुळे उडी मारून नीट उतरण्याचा सराव त्यांनी किशोरवयापासून करावा.

डोक्याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीनपट आढळले. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात या आजारांचा सर्वाधिक धोका बचावपटूंना, सुमारे पाचपट, दिसला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रौढ व्यावसायिकांनाही सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरकस हेडर अशी शिफारस झाली. तेव्हा सरावात हेडरची वेळ आणि उडी हलक्या, हाताने फेकलेल्या चेंडूवर घटवा. लांबून मारलेले चेंडू मोजून घ्या. सामन्यात डोक्याला मार लागून क्षणभरही गरगरलं, आठवण पुसट झाली, तर बाहेर या. नंतर टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या परवानगीनेच परता. या एकाच बाबतीत मिनिटांचा हिशेब बाजूला ठेवा.

पायरी ८: चूक झाल्यावर

आघाडीवीराची चूक विसरली जाते, तुमची चूक फलकावर दिसते. ती होणारच. चूक झाल्यावरची पहिली कृती सोपी असू द्या: सरळ पास किंवा चेंडू बाहेर. लगेच भरपाई करायला पुढे धावलेला सेंटर बॅक दुसरा गोल ओढवून घेतो. गोलरक्षकाशी आणि जोडीदाराशी एक वाक्य बोला, पुढच्या चेंडूबद्दल.

त्या रात्री काही पाहू नका. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावा आणि गोलच्या दहा सेकंद मागे जा. शेवटची टॅकल चुकली असं वाटतं, पण बहुधा खरी चूक तीन पास आधी घडलेली असते: ओळ वर गेली आणि तुम्ही मागे राहिलात, किंवा मान फिरवली नाहीत. तेच वहीच्या सहाव्या रकान्यात लिहा. अर्ध्या हंगामात एकच चूक चार वेळा लिहिलेली दिसली की सरावात काय मागायचं ते तुम्हाला कळलेलं असतं.

पायरी ९: बाकावर असताना

प्रशिक्षकाला 'मी का खेळत नाही' विचारू नका. 'पहिल्या अकरांत यायला मला कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात' असं विचारा आणि तीन आठवड्यांनी त्याच दोन गोष्टींबद्दल पुन्हा विचारा. उत्तर दोन्ही वेळा वेगळं आलं, तर खरं कारण दुसरंच आहे, आणि क्लब बदलायची तयारी सुरू करा.

फिफाच्या नियमांत एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला हंगामात क्लबच्या दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळवलं गेलं, तर तो क्रीडाविषयक न्याय्य कारण सांगून करार मोडण्याचा दावा करू शकतो. हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर पंधरा दिवसांत ते करावं लागतं, आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं. वकिलाशिवाय या वाटेला जाऊ नका, पण तुमची वही त्या दिवशी पुरावा शोधायला कामी येईल.

पायरी १०: तिशीनंतर

बचावपटूचं आयुष्य आघाडीवीरापेक्षा लांबू शकतं. माल्दिनी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला आणि २००९ मध्ये, चाळिसाव्या वर्षी थांबला. सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमधले सामने ६४७. थियागो सिल्वाला विशीत क्षयरोगाने गाठलं होतं, तरी तो एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत चेल्सीच्या बचावात होता. फ्रान्सची वेंडी रेनार २००६ पासून जवळपास दोन दशकं लियाँच्याच बचावात उभी राहिली. वेग कमी होतो तसं एक-दोन मीटर खोल उभं राहायला, आधी निघायला शिकावं लागतं. फुल बॅक असाल तर सेंटर बॅकची तयारी अठ्ठाविसाव्या वर्षीच करा, बत्तिसाव्या वर्षी नको. करार एकेका वर्षाचे होतात, म्हणून पहिल्या मोठ्या करारातलाच ठरावीक हिस्सा बाजूला काढा आणि सही करताना मिळणारी रक्कम पगार समजून खर्चू नका. प्रशिक्षकाचे परवाने (सी, बी, ए आणि प्रो) खेळत असतानाच सुरू करता येतात. बचावपटूला पूर्ण मैदान समोर दिसत असल्याने हे काम त्याच्या अंगवळणी लवकर पडतं.

आणि एक कागद मागून घ्या: खेळाडूचा पासपोर्ट, म्हणजे बाराव्या वर्षापासून तुमची नोंदणी कोणत्या क्लबांकडे होती त्याची अधिकृत नोंद. करार चालू असताना पैसे मोजून तुम्हाला परदेशी क्लबने घेतलं, तर त्या रकमेतले पाच टक्के तुम्हाला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, सोळा ते तेवीससाठी अर्धा टक्का. ज्या छोट्या क्लबच्या मैदानावर तुम्ही पहिल्यांदा ओळ धरून उभं राहायला शिकलात, त्याचं नाव आणि वर्षं त्या नोंदीत बरोबर आहेत का, ते स्वतः तपासा.